टेश्केच्या घरचा साबण

१

अर्विन टेश्के मेला आणि त्याचं अंग थंड पडायच्या आत त्याच्या बहिणीने त्याच्या मुलीला खुनी ठरवलं. हॉस्पिटलच्या बोळात, नर्सांसमोर, फादरसमोर, मोठ्या आवाजात.

"पोटॅशियम वाढलं म्हणतात. वाढेल नाहीतर काय! रांधत कोण होतं त्याला? ही!"

मुलगी, मार्लिस, बापाचा कोट मांडीवर घेऊन बसली होती. तिचं कंबरेचं हाड कामातून गेलंय, त्यामुळे ती पटकन उठूही शकत नाही. "हिल्डी आत्या, टोमॅटोचा वाससुद्धा लागू दिला नाही मी बाबांना."

"देवासमोर सांग ते."

मी इंगा स्कोव्ह. या जिल्ह्याची कोरोनर, म्हणजे कोण कशाने मेलं ते ठरवणारी. आधी नर्स होते; मग लोकांनी मतं देऊन इथल्या मेलेल्यांचा हिशेब माझ्या गळ्यात घातला. मेलेल्यांचा त्रास नाही. त्रास देतात त्यांचे नातेवाईक.

अर्विनच्या किडन्या संपत आल्या होत्या. रक्त धुवायच्या यंत्राला तो नाही म्हणाला होता. "गायीसारखा खुंटाला बांधून घेणार नाही," असं त्याने डॉक्टरला तोंडावर सांगितलं होतं. मग उरलं ते पथ्य. मीठ नाही, केळं नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही. पाणी मात्र भरपूर प्या. हृदयासाठी गोळ्या होत्या, त्याही शरीरात पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या. महिन्यापूर्वीची तपासणी ठीक होती. आणि आता जिवंतपणी काढलेल्या शेवटच्या रक्तात इतकं पोटॅशियम होतं की घोड्याचंही हृदय थांबलं असतं.

मी त्याला तपासलं. एक गोष्ट मनात अडकली. उन्हाळा संपता संपता मी त्याला चर्चच्या मासळीच्या जेवणात पाहिलं होतं. किडनीच्या रोग्यांना खाज सुटते तशी त्याला सुटली होती, आणि शर्टाच्या बाह्यांवर रक्ताचे ठिपके होते. आता त्याचे हात, त्याची पाठ स्वच्छ होती. जखमा भरलेल्या, वर कोवळी गुलाबी कातडी आलेली.

मरणाऱ्या माणसाची कातडी सुधारत होती. का?

तेवढ्यात शेरीफच्या कचेरीतला रूडी हॉफ दारात आला. चांगला माणूस, पण पहिला विचार सुचला की त्याच्याशीच लग्न लावतो.

"इंगा, मार्लिसची गाडी उघडली. सीटखाली पिशवी आहे. केळ्यांच्या सालींनी भरलेली."

२

"मी खाते केळी," मार्लिस म्हणाली. आम्ही अर्विनच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. बाहेर नोव्हेंबरचं आभाळ छपरावर टेकलं होतं. "गाडीत बसून खाते. बाबांना फार आवडायची. त्यांच्यासमोर कशी खाणार?"

रूडीने वहीत काहीतरी खरडलं. त्याच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता.

"बटाटे?" मी विचारलं.

"महिन्यातून एकदा. तेसुद्धा चिरून रात्रभर पाण्यात. सकाळी ते पाणी ओतायचं, मग नव्या पाण्यात उकडायचं, तेही ओतायचं. चव राहते कुठे त्याला! बाबा म्हणायचे, ओला कागद खातोय."

"तुझ्या आत्याचं म्हणणं, घर तुझ्या नावावर आहे म्हणून तू घाई केलीस."

"आत्या सोमवारी येते, बाबांचे कपडे धुते आणि मला शिव्या घालून जाते. कपडे धुवायचं मशीन तळघरात आहे, मला जिना उतरवत नाही. नाहीतर तिला दारातही उभी केली नसती." मग तिचा आवाज उतरला. "इंगा, तुरुंगाचं मला काही वाटत नाही. पण या गावात मला ब्रेड आणायला जायचंय. बापाला मारणारी म्हणून कशी जाऊ?"

मी उठले. बिस्किटाचा चुरा हाताला चिकटला होता, म्हणून सिंकवर हात धुतले. साबणाचा फेस मनगटापर्यंत चढला. धुते आहे, धुते आहे, तरी हात बुळबुळीतच. काठावर ग्लास पालथे होते, आरशासारखे लखलखीत.

खिडकीवर नगरपालिकेचा निळा कागद चिकटवलेला होता. या घरात मीठ न वापरणाऱ्या यंत्राची चाचणी सुरू आहे.

आमच्या गावचं पाणी म्हणजे पातळ केलेला दगड. किटलीत थर, नळाच्या तोंडाला थर, गीझरमध्ये तर खडकच. म्हणून घरोघरी तळघरात मिठाची टाकी. ती टाकी पाण्यातला चुना धरते, बदल्यात मीठ सोडते, आणि धुवून निघालेलं सगळं खारट पाणी गटारातून नदीत जातं. नदीत मासा राहिला नाही तेव्हा राज्य सरकारला जाग आली. मिठाच्या टाक्या बंद करायच्या का, बंद केल्या तर दुसरं काय बसवायचं, यासाठी काही घरांत नवीन यंत्रं बसवून चाचणी चालू होती. अर्विनने सगळ्यांत आधी नाव दिलं होतं. त्याला मीठ वर्ज्यच होतं.

"यंत्र कसं आहे?" मी सहज विचारलं.

"आता छान. सुरुवातीला वाईट होतं. ग्लासांवर पांढरे डाग, साबणाला फेस नाही. बाबांची खाज तर इतकी वाढली की आत्या त्यांचे शर्ट भिजवताना रडायची. मग आपोआप सुधारलं. कंपनीचा ब्रेंट म्हणाला, यंत्राला जम बसायला वेळ लागतो."

रूडीने वही मिटली. "अंत्यविधी होऊ दे," तो माझ्या कानाशी बोलला. "मग मी हिला घेऊन जातो."

३

घरी आले. कॉफीचे कप धुतले, फडक्यावर पालथे घातले आणि खुर्चीत बसले. डोक्यात अर्विनची गुलाबी कातडी.

कप वाळले. त्यांच्यावर पांढरे ठिपके उमटले, रोजच्यासारखे. बोटाने पुसले की जाणारे, पण ठिपकेच.

मी उठले आणि पुन्हा हात धुतले. फेस बेताचा. साबण झटकन सुटला, हात कोरडे, खरखरीत.

माझ्याही खिडकीवर तोच निळा कागद आहे. माझ्याही तळघरात त्याच कंपनीचं तेच यंत्र आहे. ते चुना काढत नाही. काढतं असा त्याचा दावाही नाही. ते चुन्याचे बारीक कण करतं, म्हणजे ते पाइपाला आणि गीझरला चिकटत नाहीत. चुना पाण्यातच राहतो. म्हणून डाग पडतात, म्हणून फेस येत नाही. गीझर वाचतो, नदी वाचते, आणि भांडी पुसावी लागतात. सौदा एवढाच आहे, आणि माझ्या मते वाईट नाही.

मग टेश्केच्या घरचा साबण हातावरून सुटत का नव्हता?

ज्या यंत्राला चुना काढताच येत नाही, त्याला कितीही जम बसू दे, पाणी मऊ होणार नाही. त्या घरात चुना कोणीतरी वेगळंच काढत होतं. आणि जे चुना काढतं, ते बदल्यात काहीतरी सोडतं.

मी कोट चढवला.

४

मार्लिसने दार उघडलं, काही विचारलं नाही. मी तळघरात उतरले.

भिंतीला नवीन यंत्र, चकचकीत. त्याच्या शेजारी जुनी मिठाची टाकी. चाचणी सुरू झाली तेव्हा तिचा दांडा फिरवून तिला बाजूला टाकलं होतं. काढून न्यायची ती चाचणी संपल्यावर, असं ठरलेलं. सगळ्यांच्या घरी तसंच आहे. एक लाल दांडा. आडवा असला की टाकी बंद, उभा असला की चालू. त्याला ना पाना लागतो ना पक्कड. दोन बोटं पुरतात.

दांडा उभा होता.

मी टाकीचं झाकण उचललं. आत पांढरे खडे, अर्ध्यापर्यंत. कपड्यांच्या मशीनवर कॉफीचा रिकामा डबा होता, तळाशी तीच पांढरी भुकटी. मी एक खडा उचलला आणि जिभेला लावला. खारट लागेल अशा तयारीने.

कडू. जिभेचं टोक आवळून घेणारं, धातूसारखं कडू.

ते मीठ नव्हतं. पोटॅशियम होतं.

अर्विन रोज हे पाणी तांब्या-तांब्याने प्यायला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, भरपूर प्या. मार्लिसचे बटाटे रात्रभर याच पाण्यात भिजले होते, म्हणजे पोटॅशियम काढायला पोटॅशियममध्ये. जितकी ती काळजी घेत होती, तितका तो मरत होता.

वर येऊन मी रूडीला फोन केला. "केळी विसर. त्या तळघरात कोण कोण उतरतं?"

"हिल्डी आणि तो कंपनीचा पोरगा," रूडी म्हणाला. मग थांबला. "इंगा, त्या पोरग्याला गावचं सगळं कंत्राट हवंय."

५

ब्रेंट कॉल्बीचे दात फार पांढरे आहेत. असे दात असलेल्या माणसाकडून मी कधी काही विकत घेत नाही.

"टेश्केंच्या बातमीने फार वाईट वाटलं मॅडम. आमच्या चाचणीतलं सर्वांत उत्तम घर."

"उत्तम म्हणजे?"

"गीझरमध्ये थर शून्य! आणि साबणाला फेस! नगरपालिकेच्या बैठकीत मी हेच उदाहरण दिलं."

"माझ्या घरी येत नाही फेस."

"प्रत्येक घराचं पाणी वेगळं असतं."

"एकाच विहिरीचं पाणी आहे, बाळा. तुझं यंत्र फेस आणू शकत नाही, हे तुझ्याच कागदात छापलंय. आणि तू दर महिन्याला त्या तळघरात जात होतास. लाल दांडा तुझ्या नाकासमोर होता."

दात झाकले गेले. रूडी खुर्ची ओढून त्याच्या अगदी जवळ बसला. त्याला नवीन लग्न जुळल्याचा आनंद झाला होता.

"मी नाही फिरवला," ब्रेंट म्हणाला. "शपथ. मागच्या खेपेला गेलो तर फिरवलेलाच होता."

"आणि तू गप्प बसलास."

"मला वाटलं, मीठ घातलंय. लोक करतात असं. चाचणीत नाव देतात आणि चोरून टाकी चालू करतात, बायकांना ग्लास चमकायला हवे असतात."

"त्या माणसाला मीठसुद्धा वर्ज्य होतं. मार्लिसने तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"घरात काय पितात ते बघणं माझं काम नव्हतं. माझं काम गीझर बघणं."

अशी माणसं मी जन्मभर पाहिली. त्यांच्या हाताला रक्त लागत नाही, कारण ते हात खिशात ठेवून उभे असतात. त्याला कानाखाली द्यावीशी वाटली. पण मला त्याचं म्हणणं खरं वाटलं, आणि त्याचा राग मला जास्त आला.

बाहेर आल्यावर रूडी म्हणाला, "सोडलंस का त्याला? हेतू आहे, संधी आहे, खोटंही बोललाय."

"रूडी, तू चाचणीत फसवायला निघालास तर टाकीत काय टाकशील? मीठ. स्वस्त, पेट्रोल पंपावरही मिळतं. पोटॅशियम तिप्पट महाग, मागवून घ्यावं लागतं. पाणी मऊ करायला दोन्ही सारखीच. मग महागातलं कोण घेईल?"

"कोण?"

"ज्याला अर्विनच्या पोटात मीठ जायला नको होतं, तो. हे विष त्याच्या तब्येतीला जपून निवडलेलं आहे."

रूडी चालता चालता थांबला.

६

गावाला मीठ पोचवतो स्टॅन झिएलके. ही चाचणी यशस्वी झाली तर त्याचा धंदा बुडणार, म्हणून रूडीला तोही संशयित वाटत होता. पण यंत्र नापास व्हावं अशी ज्याची इच्छा, तो त्याच यंत्राचं पाणी गुपचूप सुधारून कशाला देईल?

स्टॅन शिकारीचा नारिंगी कोट घालून ट्रकमध्ये पोती रचत होता.

"पिवळी पोती?" तो म्हणाला. "गावात दोघं-तिघं घेतात. मीठ नको असलेले. पोत्यावर हिरवं पान छापलंय, त्याला भुलतात."

"टेश्के?"

"अर्विनकडे उन्हाळ्यापासून काही टाकलं नाही. तसंही त्याला देताना मी सावध केलं असतं. इतरांच्या घरी स्वयंपाकाचा गार नळ टाकीतून जात नाही, वेगळा पाइप असतो. अर्विनने पाइप स्वतः टाकलेले, प्लंबरचे पैसे वाचवायला. एकच पाइप, सगळ्या घराला. त्याच्याकडे जे टाकीत, तेच कपात."

"शेवटचं पिवळं पोतं कोणाला दिलंस?"

"हिल्डीला. ऑक्टोबरमध्ये. गाडीच्या डिकीत टाकून दिलं मीच. फुटपाथवरचा बर्फ वितळवायला नेतेय, असं वाटलं. झाडं जळत नाहीत त्याने." त्याने नाक पुसलं. "विचारलं नाही मी. हिल्डीला कोण विचारणार? जीभ म्हणजे करवत."

हिल्डी राहते चर्चच्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. तिला फुटपाथ नाही. तळघर नाही. टाकी नाही.

तिच्याकडे होता फक्त सोमवार, कपड्यांची टोपली आणि रक्ताचे ठिपके पडलेले भावाचे शर्ट.

७

हिल्डीने मला कॉफी दिली. मी ती प्यायले नाही, आणि तिने ते पाहिलं.

"पकडलं का तिला?"

"हिल्डी, पिवळं पोतं कुठंय?"

तिने आपला कप खाली ठेवला. मग सरळ सांगितलं. लपवायचं काही आहे, असं तिला वाटतच नव्हतं.

"मीच फिरवला दांडा. मग? माझा भाऊ कातडी सोलून घेत होता! त्या यंत्रापायी. त्याला म्हटलं, जुनी टाकी लाव. म्हणाला, गावाला शब्द दिलाय. शब्द! पाठ फाटलीय आणि शब्द. म्हणून मी गुपचूप केलं. मीठ नाही घातलं हं, मला कळतं. पोत्यावर लिहिलं होतं, सोडियम नाही. डब्यातून थोडं थोडं नेलं, कपड्यांखाली लपवून. नाहीतर ती मार्लिस ओरडली असती."

"त्याला कळलं?"

"नाही." तिचा चेहरा मऊ झाला. "पण एका सोमवारी म्हणाला, हिल्डे, आता झोप लागते बघ. कित्येक महिन्यांनी असं म्हणाला."

मला पुढचं बोलायचं नव्हतं. माझं काम म्हणून बोलले. "ज्यात सोडियम नाही, त्यात काय होतं, ते वाचलंत?"

तिला कळायला वेळ लागला. आधी ती माझ्याकडे चिडून बघत होती. मग टेबलाकडे. मग स्वतःच्या हातांकडे, आणि तिथून तिची नजर हललीच नाही.

"मी तर मार्लिसला..." ती म्हणाली.

"रूडी आता मार्लिसला हात लावणार नाही," मी म्हटलं. "तुम्हालाही नाही. मी अपघात लिहीन. कुणाचं नाव लिहायची माझ्यावर सक्ती नाही."

"मग लोक काय समजतील?"

"लोकांना तुम्ही आधीच सांगून ठेवलंय."

८

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅमचे बन, लोणच्याच्या काकड्या, ताटंभर केक. मार्लिस कोपऱ्यातल्या टेबलावर एकटी होती. तिच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या. कोणी वाईट बोलत नव्हतं. आमच्या गावात बोलत नाहीत, खुर्च्या सोडतात.

ब्रेंट आला होता, काळा टाय लावून. पुढच्या बैठकीत त्याच्या यंत्राला मान्यता मिळणार होती. मिळायलाही हरकत नाही. यंत्राने कुणाला मारलं नाही. पण अर्विनच्या घरचा 'थर शून्य' हा आकडा त्याने अजून कागदावरून खोडला नव्हता.

हिल्डी उठली. टेबलाला धरून उभी राहिली.

"मार्लिसने काही केलं नाही," ती म्हणाली. करवत बोथट झाली होती, तरी शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेली. "त्याच्या पाण्यात ते मी घातलं. चांगलं समजून घातलं. अर्विनला मी मारलं, आणि नाव पोरीचं घेतलं."

चमचे थांबले. फादर पुढे यायला लागले, तिने हाताने थांबवलं.

"आणि तो टायवाला," ती म्हणाली, "त्याने पाहिलं होतं. त्याला माहीत होतं माझा भाऊ आजारी आहे. त्याने एक शब्द बोलायचा होता. एक."

सगळ्या माना वळल्या. ब्रेंटने ताट खाली ठेवलं आणि कोट शोधायला लागला. कायदा त्याला काही करणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी माझ्या अहवालात त्याचं नाव तेवढं जाड अक्षरात लिहिलं, आणि एक प्रत बैठकीत स्वतः वाचून दाखवायला राखून ठेवली.

मार्लिस कंबर सावरत उठली. हिल्डीपर्यंत पोचायला तिला वेळ लागला. मला वाटलं, मारते. तिने खुंटीवरून आत्याचा कोट काढून तिच्या हातात दिला.

"चल."

तिघी अर्विनच्या घरी गेलो. मार्लिसला दांडा फिरवून हवा होता, म्हणून मला बोलावलं. मी तळघरात उतरले, लाल दांडा आडवा केला. वर नळ सुरू झाल्याचा आवाज पाइपांतून खाली आला आणि थांबेचना.

वर आले तर हिल्डी सिंकपाशी उभी होती. दोन्ही हात धारेखाली. चोळत होती, धूत होती, पुन्हा चोळत होती.

"सुटत नाही गं," ती म्हणाली.

मार्लिस तिच्या शेजारी उभी होती. तिच्याकडे बघत नव्हती. तिचा हात नळावर होता, पण तिने नळ बंद केला नाही.

"पाइपात जुनं पाणी आहे अजून," ती म्हणाली. "वाहू दे."